हललात, परत घेऊ

आधी मोजदाद.

तळघरातली एक खोली. दार एक. खिडकी एकही नाही. लोखंडी रॅक चौदा, त्यांवर जुन्या एक्स-रे प्लेटांची खाकी पाकिटं. टेबल एक, संगणक एक, प्लेटा स्कॅन करायचं मशीन एक, फिरती खुर्ची एक. कोपऱ्यात काचेची अरुंद केबिन, तिच्यात मोडक्या खुर्च्या तीन. फरशीत कापून टाकलेल्या बोल्टांची बुडखं चार. माणूस एक.

एक्स-रे काढायचं यंत्र एकही नाही.

ही शेवटची ओळ तेवढी लक्षात असू द्या.

माणूस म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. जे घडलं ते मी तिच्याकडून तीन वेळा ऐकलं, मध्ये मुद्दाम बरेच दिवस जाऊ देऊन. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मला तसं समजता आलं असतं तर मीही निवांत झोपले असते.

आणि हो, रात्र नव्हती. लख्ख दुपार होती. वरच्या मजल्यांवर रांगा होत्या, लहान मुलं रडत होती, चहाचे कप वाजत होते.

फक्त त्यातलं काही तळघरात ऐकू येत नव्हतं.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलात काम करते. तिचं काम सांगायला सोपं, करायला चिकट. जुन्या प्लेटा स्कॅन करायच्या आणि ज्या रुग्णाची प्लेट, त्याच्या संगणकातल्या नोंदीला ती जोडायची. म्हणजे वर डॉक्टरांनी नाव उघडलं की त्या माणसाच्या छातीचा दहा वर्षांपूर्वीचा फोटोही समोर येतो. पाकिटावरचं नाव पुसलेलं असेल, क्रमांक लागत नसेल, तर ती प्लेट वेगळ्या रॅकवर जाते. विभागात त्यांना 'बेवारस' म्हणतात.

त्या दिवशी ताई जिना उतरली ती एक गुपित घेऊन.

सकाळीच तिने घरी चाचणी केली होती. दोन रेघा. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत काय काय सोसलं ते आमच्या घराला माहीत आहे. भावोजी बाहेरगावी होते, संध्याकाळी यायचे होते. त्यांना समोर बसवूनच सांगायचं, फोनवर नाही, असं तिने ठरवलं. म्हणजे ही गोष्ट जगात तिला एकटीलाच ठाऊक होती.

आजपासून वरच्या एक्स-रे विभागाकडे फिरकायचंसुद्धा नाही, हेही तिने ठरवून टाकलं होतं. किरणांचा धोका नको. तळघर बरं.

तळघरासारखी सुरक्षित जागा नाही, असं तिला वाटलं होतं.

जिन्यात तिला काका भेटले. काका म्हणजे विभागातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला टेकलेले, तोंडाने फटकळ, मनाने लोण्यासारखे.

"काय गं पोरी, त्या पाकिटांतून किरणं येतात काय? गळ्यात बॅज अडकवून निघालीस ती!"

किरणं मोजायचा बॅज विभागातल्या प्रत्येकाला घालावाच लागतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि अंगावर किती किरणं पडली त्याचा आकडा येतो. ताईचा बॅज लांब दोरीला, थेट पोटापर्यंत लोंबणारा.

"नियम आहे, काका."

"नियम आमच्यासारख्यांना. पूर्वीच्या यंत्रासमोर एकदा उभं राहिलं की बॅजवर पॉइंट वन चढायचा. आणि तुझा? तीन वर्षं झाली, भोपळा! प्रयोगशाळेवाले म्हणत असतील, ही बाई कामावर येते की घरीच लोळते?"

ताई हसली. तिने कार्ड लावलं. दार उघडलं. ते दार भारी जड आहे. मागे आपोआप लागतं.

तेव्हा तिने ते का जड आहे याचा विचार केला नव्हता.

त्या सकाळी जोडणीची नवी प्रणाली सुरू झाली होती. जोडलेला फोटो वर दिसतो की नाही, हे एकदा तपासून पाहायला हवं होतं. एरवी त्यासाठी एक खोटा रुग्ण असतो, नुसतं नाव. पण नव्या प्रणालीत तो भरायचा राहिला होता. खऱ्या रुग्णाच्या नोंदीत भलता फोटो टाकणं म्हणजे गुन्हाच.

अशा वेळी विभागातले सगळे जे करतात तेच ताईने केलं. स्वतःची नोंद उघडली. कर्मचाऱ्यांचीही आरोग्य नोंद असतेच. बेवारस रॅकवरून हाताला आली ती प्लेट काढली, स्कॅन केली आणि स्वतःलाच जोडली. पाहायचं आणि लगेच काढून टाकायचं, एवढंच.

प्लेट छातीची होती. कुणा बाईची. हललेली. फोटो घेताना बाई हलल्यामुळे बरगड्या पुसट, पसरल्यासारख्या दिसत होत्या. नावाच्या जागी काहीच नव्हतं.

पडद्यावर अक्षरं आली.

जोडणी पूर्ण. रुग्ण मिळाला.

"वा," ताई स्वतःशीच म्हणाली.

आणि मागे कुठेतरी आवाज झाला...

खट्ट.

रॅक असेल. लोखंड कधी कधी वाजतं.

ताईने फोटो काढून टाकायचं बटण दाबलं. प्रणाली म्हणाली, दुसऱ्या कर्मचाऱ्याची संमती हवी. जोडायला एकजण पुरतो, सोडवायला दोघं लागतात. ठीक आहे, काकांना बोलवू, असं म्हणून ती उठणार, तेवढ्यात यादीत एक नवी ओळ आली.

तिच्याच नोंदीत. तिच्याच नावाखाली.

छाती. दिनांक आजचा. यंत्र : खोली दोन.

हॉस्पिटलात खोली तीन आहे. चार आहे. पाच आहे. खोली दोन नावाची खोली कुठेच नाही.

ताईला वाटलं, नव्या प्रणालीचा घोळ. तिने फोटो उघडला.

हललेल्या बरगड्या. खिशाच्या जागी एक बारीक स्प्रिंग, पेनात असते तशी. गळ्यापासून खाली येणाऱ्या दोन पुसट रेघा. आणि अगदी खालच्या कडेला, अर्धा कापला गेलेला, एक छोटा चौकोन.

ताईने खाली पाहिलं.

खिशात पेन होतं. गळ्यात दोरी होती. दोरीच्या टोकाला बॅज होता.

मी असते तर तिथेच किंचाळले असते. पण ती आमच्या घरातली शहाणी. आधी दाराकडे गेली. कार्ड लावलं.

लाल दिवा. टूं टूं.

पुन्हा लावलं. पुसून लावलं. उलटं लावलं.

टूं टूं.

दाराच्या छोट्या पडद्यावर दोन ओळी आल्या.

तपासणी सुरू आहे. रुग्णाला दार उघडता येणार नाही.

रुग्णाला...

मोबाइलवर रेंजची एकही रेघ नव्हती. तिने दारावर हात मारला. आवाज होईना. लाकडावर मारल्यासारखा नाही, लोखंडावर मारल्यासारखाही नाही. ओल्या मातीवर थाप मारावी तसा तो आतच मेला.

मग तिला कळलं. हे दार शिशाचं आहे, किरणं अडवणारं. भिंतींतही शिसं आहे. फरशीतले ते चार बोल्ट, ती काचेची केबिन...

इथे पूर्वी यंत्र होतं.

ती खोली दोनमध्येच उभी होती.

तिने संगणकावरून घाईघाईने तक्रार टाकली. 'तळघरात अडकले आहे, दार उघडा.' लगेच उत्तर आलं. 'आपली तक्रार नोंदवली आहे. तीन दिवसांत संपर्क साधण्यात येईल. धन्यवाद.'

तिला हसू आलं. खरंच आलं. ती सांगते, ते हसू अर्धवटच राहिलं.

कारण तेव्हाच स्कॅनरचा पंखा बंद पडला. संगणकाची घरघर थांबली. पडदा तेवढा चालू होता. खोली इतकी शांत झाली की तिला आपल्या कानांतलं रक्त ऐकू येऊ लागलं.

आणि केबिनच्या बाजूने, अगदी सौम्य, अगदी रोजच्या सवयीचा, एका वयस्क माणसाचा आवाज आला.

"हललात."

ताई गर्रकन वळली.

"परत घेऊ."

केबिनच्या काचेवर धूळ होती. धुळीमागे मोडक्या खुर्च्या. दुसरं काहीच नव्हतं.

"श्वास घ्या..."

तुम्हीही कधी एक्स-रे काढला असेल. तो आवाज तसं म्हणाला की आपण विचार करत नाही. ताईनेही केला नाही. तिची छाती आपोआप भरली.

"धरून ठेवा."

तिने धरला.

खट्ट.

आता 'सोडा' म्हणतील, असं वाटून ती थांबली. थांबली... छाती फुटायला आली... डोळ्यांपुढे काजवे चमकले...

'सोडा' कुणी म्हणेना.

शेवटी तिचा श्वास सुटला, अंग हेलकावलं.

"हललात. परत घेऊ."

यादीत आणखी एक ओळ.

ती मला म्हणाली, "कळतंय का तुला? सोडा म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. आणि तो सोडा म्हणणारच नव्हता. मग माणूस हलणारच. मग परत. मग परत..."

ती रॅकच्या मागे गेली. खट्ट. टेबलाखाली शिरली, गुडघे पोटाशी घेऊन बसली. खट्ट. पुन्हा खट्ट. बाहेर येऊन तिने फोटो पाहिला तर त्यात ती ताठ उभी होती. खांदे पुढे, हनुवटी वर, छाती प्लेटला टेकवलेली. जशी उभं राहायला सांगतात तशी.

पण तिने एक गोष्ट पाहिली. इथे ती खरी आमची बहीण.

तिने सगळे नवे फोटो ओळीने लावले आणि बॅजचा चौकोन शोधला.

पहिल्यात तो खालच्या कडेला होता. दुसऱ्यात बोटभर वर. तिसऱ्यात आणखी वर. चौथ्यात, पाचव्यात...

बॅज वर सरकत नव्हता. तो पोटाशीच लोंबत होता.

फोटो खाली सरकत होता.

छातीवरून बरगड्यांच्या टोकाकडे. तिथून पोटाकडे.

आता तिला खरी भीती वाटली. त्याआधीची भीती, ती म्हणते, नुसती घाबरगुंडी होती. तिने दोन्ही हातांनी पोट झाकलं. हाताने किरणं अडत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी झाकलं. तिने खाकी पाकिटांचे गठ्ठे पोटावर दाबून धरले. खट्ट. पुढच्या फोटोत पाकिटं नव्हती. तिचे हातही नव्हते. फक्त मणके होते, आणि कमरेच्या हाडाची वरची कड दिसायला लागली होती.

ती दारावर धडका देऊ लागली. हाका मारल्या. आईला मारली, भावोजींना मारली, मला मारली. मी तेव्हा कॉलेजात निवांत डबा खात बसले होते.

खट्ट.

खट्ट.

आठवा फोटो. चौकोन जवळजवळ वरच्या कडेला. पुढचा फोटो कशाचा असणार हे सांगायला तंत्रज्ञ लागत नव्हता.

"हललात," आवाज म्हणाला. त्याला राग नव्हता. कंटाळा नव्हता. दिवसाला साठ माणसांना तेच सांगणाऱ्याचा तो थकलेला सभ्यपणा होता. "परत घेऊ. श्वास घ्या..."

तिची छाती भरायला लागली. आपोआप.

आणि त्या क्षणी तिला काही सुचलं म्हणण्यापेक्षा ती चिडली. विभागात तीन वर्षं काढलेल्या बाईला चीड यावी अशीच ती गोष्ट होती. काका कितीही घाईत असोत, रांग दारापर्यंत गेलेली असो, बटणावर हात ठेवायच्या आधी ते प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारतात. नवरी असो नाहीतर चाळिशीची. विचारल्याशिवाय बटण दाबायचं नसतं. हा पहिला नियम.

तिला तो कुणी विचारलाच नव्हता.

ती केबिनकडे तोंड करून ओरडली.

"अहो, बाईमाणसाला आधी विचारायचं असतं! विचारलंत का? मी गरोदर आहे!"

ते शब्द जगात पहिल्यांदा उच्चारले गेले ते तिथे. त्या खोलीत.

सगळं थांबलं.

ती वाट पाहत राहिली. हात पोटावर, श्वास अर्धाच भरलेला.

मग केबिनमध्ये खुर्ची सरकली... फरशीवर घासत... कुणीतरी लगबगीने उठावं तशी.

मग काहीच नाही.

मग दार उघडलं.

दारात काका उभे होते. ताई त्यांच्या अंगावरच कोसळली.

"अगं, अगं! काय झालं?"

"काका, तुम्ही... तुम्ही कुठे होता?"

"इथेच की. कधीचा उभा आहे. चहाला बोलवायला आलो होतो."

"मग उघडलं का नाही? मी ओरडत होते!"

"आवाज आला नाही, पोरी. आणि लाल दिवा लागलेला. लाल दिवा लागल्यावर दार उघडायचं नाही, हे हातात भिनलंय माझ्या. म्हटलं, किती वेळ चाललीय ही तपासणी... दिवा विझला आणि उघडलं."

एवढं बोलून काकांनी वर पाहिलं. ताईनेही पाहिलं.

दाराच्या चौकटीवर जुना लाल दिवा होता. म्हणजे त्याचं नुसतं कवच. आत बल्ब नव्हता. दोन कापलेल्या तारा बाहेर लोंबत होत्या.

काकांनी तिला वर नेलं, पाणी पाजलं. यादीतल्या त्या ओळी पाहिल्यावर ते खुर्ची ओढून बसले. मग ते बोलले.

"त्या खोलीत आमचे गुरुजी असायचे. माझ्या हाताला त्यांनी वळण लावलं. हललेला फोटो त्यांनी कधी बाहेर जाऊ दिला नाही. रुग्ण हलला की तेवढंच म्हणायचे... हललात, परत घेऊ."

"आणि?"

"एका दुपारी केबिनमध्ये बसल्या जागी गेले. समोर एक बाई उभी होती. श्वास धरा म्हणाले, बटण दाबलं, आणि सोडा म्हणायच्या आधीच... ती बिचारी किती वेळ तशीच उभी होती कोण जाणे. मग घाबरून पळाली. नाव नोंदवायचं तेही राहिलं. प्लेट मीच धुतली. हललेली होती."

ताईने त्यांना विचारलं नाही, की ती प्लेट कुठे ठेवली.

दार का उघडलं नाही, याचं उत्तर संगणक विभागातल्या बाईंनी दिलं. नव्या प्रणालीत कर्मचाऱ्याचं कार्ड आणि आरोग्य नोंद एकाच क्रमांकावर होती. नोंदीत तपासणी सुरू झाली की प्रणाली त्या माणसाला रुग्ण समजायची. चूक सापडली, दुरुस्तही झाली. पण ते आठ फोटो कुठून आले, हे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, ते तर यंत्राकडून आलेत." कुठल्या यंत्राकडून, असं विचारल्यावर त्यांनी नुसतं स्क्रीनवरच्या 'खोली दोन'वर बोट ठेवलं.

दोघांच्या संमतीने ते फोटो काढून टाकले. बेवारस प्लेटही सोडवली.

एक ओळ मात्र निघेना. तिला फोटो नव्हताच. नुसती नोंद होती, यंत्र खोली दोन, आणि पुढे तंत्रज्ञांच्या ठरलेल्या भाषेत शेरा होता.

थांबवले. रुग्ण गरोदर. प्रसूतीनंतर परत घेणे.

ताईने तळघर सोडलं. तिला वरच्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. तिथे बॅजची गरज नाही. पण बॅज तिने परत केला नाही. घरीसुद्धा गळ्यात घालायची. भावोजी चिडवायचे, "लग्नात मी घातलेलं काही इतकं जपलं नाहीस!" ती हसायची. पण काढायची नाही. दर तीन महिन्यांनी काकांच्या हाती तो प्रयोगशाळेत जायचा आणि लगेच नवा यायचा.

माझी भाची झाली. धडधाकट. रडायला लागली की चार घरं ऐकतात.

भाची दीड महिन्याची असताना एका दुपारी मी ताईकडे होते. बाळ नुकतंच झोपलं होतं. मी दुपटी घड्या करत होते. ताई कपाटासमोर उभी होती. काहीतरी काढायला गेली असावी.

मी बोलत होते. तिने उत्तर दिलं नाही, म्हणून मी मान वर केली.

ती ताठ उभी होती. खांदे पुढे. हनुवटी वर. कपाटाच्या दाराला छाती टेकवलेली.

हलत नव्हती.

अजिबात हलत नव्हती. पाठसुद्धा वरखाली होत नव्हती...

"ताई?"

मग तिने श्वास सोडला. हळूच, पूर्ण. कुणीतरी सांगितल्यासारखा.

"काय गं, काय झालं?"

ती वळली. चेहरा शांत होता. बॅज नीट पोटाशी लोंबत होता.

"काही नाही," ती म्हणाली. "झालं."

मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिची आरोग्य नोंद तेव्हापासून कुणी उघडलेली नाही. काकांनी विचारलं होतं, उघडू का. आम्ही दोघी एकदम नको म्हणालो.

बॅजचे अहवाल माझ्याकडे आहेत. आकडे मिलिसीव्हर्टमध्ये, म्हणजे किरणांच्या मापात आहेत.

तळघराची तिमाही : ०.८

त्यानंतरची : ०

त्यानंतरची : ०

बाळंतपणाची तिमाही, भाची दीड महिन्याची होईपर्यंतची : ०.१